कळ कीं पडदा?

नवी मोटार घेण्याच्या बेतांत असलेल्या एखाद्या सुशिक्षित कुटुंबाबरोबर विक्रीच्या दालनांत अर्धा तास घालवावा. आपल्या समाजाची वैचारिक प्रकृति तपासण्याचें याहून सोपें साधन सध्यां तरी माझ्या पाहण्यांत नाहीं. वडील किंमत विचारतात, आई मागच्या बाकावर बसून गुडघे कोठें टेकतात तें पाहते, आणि नुकताच इंजिनिअर झालेला चिरंजीव विचारतो, 'पडदा किती इंचांचा?' विक्रेता 'सव्वादहा' म्हणून सांगतो आणि सर्व मंडळींच्या चेहऱ्यावर समाधान पसरतें. काचेवर वाफ धरली असतां ती घालविण्याची कळ कोठें आहे, हा प्रश्न मात्र गेल्या वर्षभरांत तीन निरनिराळ्या आप्तांबरोबर अशा दालनांत जाऊनहि माझ्या कानीं पडला नाहीं. मीं स्वतः माझी गाडी घेतांना तो विचारला होता काय? नाहीं, आणि त्याचें प्रायश्चित्त मला खंडाळ्याच्या घाटांत मिळालें.

आषाढाचे दिवस होते. गाडींत आम्ही चौघे, चौघांचेहि कपडे भिजलेले. सासूबाईंना थंडी वाजूं लागली म्हणून वातानुकूलन बंद केलेलें, आणि आंतलीच हवा आंत फिरत राहील अशी योजना मागेंच कोणीतरी करून ठेवलेली. अशा वेळीं काय होतें हें शाळेंतल्या मुलासहि ठाऊक असतें: श्वासांतली आणि ओल्या कपड्यांतली वाफ थंड काचेवर जमते, आणि दोन वळणें घेईपर्यंत समोरचा डोंगर, रस्ता आणि ट्रक हे तिन्ही एकाच दुधाळ रंगांत विरघळून जातात. उपायहि तितकाच सोपा आहे. वातानुकूलन सुरू करावें, कारण तें हवेंतला ओलावा काढून घेतें; बाहेरची हवा आंत येऊं द्यावी; आणि वाऱ्याचा झोत काचेकडे वळवावा. माझ्या जुन्या गाडींत हीं तीन कामें तीन कळांनीं होत, आणि माझा डावा हात तीं मला न विचारतां उरकीत असे. नव्या गाडींत त्या जागीं आहे एक काळीभोर, गुळगुळीत पाटी. तिच्यावर प्रथम पंख्याचें चित्र शोधावयाचें, तें दाबलें कीं दुसरें पान उघडतें, त्या पानावर काचेचें चित्र शोधावयाचें. रस्त्यांतल्या खड्ड्यानें बोट दोन अंगुळें सरकलें आणि काच स्वच्छ होण्याऐवजीं एक नाट्यपद मोठ्यानें सुरू झालें. अखेर सौभाग्यवतींनीं पदरानें काच पुसली तेव्हां मागचे दिवे नसलेला एक ट्रक आमच्यापुढें फार तर वीस पावलांवर होता.

अपघात झाला नाहीं. झाला नाहीं म्हणूनच हा लेख लिहितां येत आहे. त्या कारखानदाराचें नांव मी येथें देत नाहीं. कारण दोष एकट्या त्याचा नाहीं, आणि त्याचे प्रतिस्पर्धी त्याहून शहाणे आहेत असा माझा अनुभव नाहीं.

मी इंग्रजी वाङ्मय शिकविणारा माणूस. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे, आणि नवें तें सर्व वाईट असें मानणाऱ्यांपैकींहि मी नाहीं. परंतु मोटारींतील कळ ही केवळ यंत्राचा भाग नसून ती हाताचें ज्ञान आहे, एवढें समजण्यास यंत्रशास्त्र लागत नाहीं. पेटी वाजविणारा गवयाच्या तोंडाकडे पाहत असतो, पट्ट्यांकडे नव्हे. काळ्या पट्टीचा उंचवटा त्याच्या बोटांना ठाव सांगतो. ह्या पट्ट्या घांसून सपाट केल्या आणि त्यांवर रंगीत चित्रें काढलीं तर पेटी कदाचित् अधिक देखणी दिसेल. साथ मात्र बंद पडेल.

हें तत्त्व काल-परवांचें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेचीं बी-१७ जातीचीं बाँबफेकी विमानें सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत, असे प्रकार वारंवार होऊं लागले. आल्फॉन्स शॅपानिस ह्या तरुण मानसशास्त्रज्ञानें पाहणी केली तेव्हां दिसून आलें कीं, चाकें आंत घेण्याची कळ आणि पंखांच्या पडद्या मिटण्याची कळ ह्या दोन्ही एकमेकींशेजारीं आणि हुबेहूब एकसारख्या होत्या. थकलेला वैमानिक एकीऐवजीं दुसरी ओढी. त्यानें एकीच्या टोकाला लहानसें रबरी चाक आणि दुसरीच्या टोकाला पाचरीसारखा तुकडा बसविला. वैमानिकांना उपदेश केला नाहीं, व्याख्यानें दिलीं नाहींत. जें हाताला कळावयाचें तें हाताला कळूं दिलें. आजहि विमानांत चाकांच्या कळेचें टोक चाकासारखेंच असतें. ऐंशी वर्षांपूर्वीं मिळविलेलें हें शहाणपण आपण मोटारींत अवघ्या दहा-पंधरा वर्षांत गमावून बसलों.

थोडें गणित करूं. ताशीं ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सुमारें २२ मीटर जाते. ताशीं १०० च्या वेगानें दोन सेकंदांत ५५ मीटर. अमेरिकेच्या महामार्ग-सुरक्षा खात्यानें २०१३ सालीं कारखानदारांसाठीं जीं मार्गदर्शक तत्त्वें घालून दिलीं, त्यांत कोणत्याहि कामासाठीं रस्त्यावरून एका वेळीं दोन सेकंदांहून अधिक नजर काढावी लागूं नये आणि सगळें मिळून बारा सेकंदांत काम उरकावें, अशी मर्यादा सांगितली आहे. आतां स्वीडनकडे पाहा. तेथील 'वी बिलेगारे' ह्या मोटारविषयक नियतकालिकानें २०२२ सालीं एका ओसाड विमानतळावर अकरा नव्या गाड्या आणि २००५ सालची एक जुनी व्होल्व्हो ताशीं ११० किलोमीटरनें चालविल्या, आणि काच-उष्णतेच्या कळा, रेडिओ, प्रवासाची नोंद आणि फलकावरचा उजेड अशीं चार साधीं कामें चालकांना करावयास सांगितलीं. कळांच्या जुन्या व्होल्व्होंत तीं दहा सेकंदांत, म्हणजे ३०६ मीटर अंतरांत आटोपलीं. सर्वांत मागें पडलेल्या नव्या गाडीला त्याच कामांस सुमारें पंचेचाळीस सेकंद आणि १३७२ मीटर लागले. पडदा असलेल्या दोन गाड्या पावणेचौदा सेकंदांच्या आंत सुटल्या हेंहि सांगणें न्याय्य आहे. म्हणजे पडदा असूनहि शहाणपण शक्य आहे. तें सहसा दाखविलें जात नाहीं, एवढीच तक्रार.

यावर 'सवय झाली कीं जमतें' असें उत्तर ठरलेलें आहे. परंतु ह्या चालकांना गाड्यांशीं परिचय करून घेण्यास आधीं वेळ दिलेला होता! सवय बोटाला होते ती उंचवट्याची, खांचेची, अडसराची. सपाट कांचेवर बोटाला खूण कसली पटणार? तेथें सवय झाली तरी ती डोळ्यांची होणार, आणि डोळे तर आपणांस रस्त्यावर हवे आहेत. दुसरें उत्तर असें कीं, आतां गाडीला तोंडानें आज्ञा देतां येते. येते; पण छपरावर पावसाचा ताशा वाजत असतां, मागें मूल रडत असतां आणि शेजारीं कोणी 'अहो, ट्रक, ट्रक!' म्हणून ओरडत असतां आज्ञा कोणाची ऐकली जाईल? जेथें क्षणांत कृति हवी तेथें संभाषण सुरू करणें हा उपाय नव्हे.

तिसरें उत्तर 'प्रगति' ह्या एका शब्दाचें आहे आणि सुशिक्षितांवर त्याचाच अंमल अधिक. परंतु हा पडदा तसा नवा नाहींच. ब्यूइक कंपनीनें १९८६ सालच्या आपल्या रिव्हिएरा गाडींत तो बसविला होता आणि थोड्याच वर्षांत काढूनहि टाकला. २०१७ सालच्या ऑगस्टमध्यें सिंगापूरजवळ अमेरिकेच्या 'जॉन एस. मॅकेन' ह्या विनाशिकेची एका तेलवाहू जहाजाशीं टक्कर होऊन दहा खलाशी बुडाले. चौकशींत इतर दोषांबरोबर सुकाणू व गति ज्या स्पर्शपडद्यावरून चालवीत त्याच्या रचनेकडेहि बोट दाखविलें गेलें, आणि २०१९ सालीं त्या आरमारानें गतीसाठीं पुन्हा हातानें ओढावयाचे दांडे बसविण्याचें ठरविलें. युरोपांत गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या संस्थेनें २०२६ पासून दिशादर्शक, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि तातडीच्या मदतीची हांक ह्या पांच गोष्टींच्या स्वतंत्र कळा आपल्या गुणांकनांत घातल्या आहेत. फोक्सवॅगननेंहि कळा परत आणण्याचें जाहीर केलें आहे. प्रगति जर कोठें चाललीच असेल तर ती अशी उलट्या पावलीं चालली आहे, आणि आम्ही मात्र तिनें टाकलेली वस्तु डोक्यावर घेऊन नाचत आहों.

मग पडदा आला कशासाठीं? मागचें दृश्य दाखविणारा कॅमेरा अमेरिकेंत २०१८ पासून नव्या गाड्यांना सक्तीचा झाला, तेव्हां पडदा हवाच होता. हें कारण मला मान्य आहे. पण पडदा आला म्हणून कळा कां जाव्यात? त्या गेल्या, कारण प्रत्येक कळेला सांचा लागतो, तार लागते, जोडणारा कामगार लागतो. चित्राला यांतलें कांहीं लागत नाहीं. कारखानदाराची बचत झाली आणि ती त्यानें आपणांस चैन म्हणून विकली.

आणि कायदा? आपल्याकडे मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें वाहन चालवितांना हातांतील संपर्कसाधन वापरणें हें धोकादायक चालविण्यांत मोडतें. उत्तम. पण सहा इंचांचा पडदा हातांत धरला तर गुन्हा, आणि सव्वादहा इंचांचा समोर ठोकून बसविला तर सजावट, ही कोणती न्यायबुद्धि? जर्मनींत कार्ल्सरूएच्या वरिष्ठ न्यायालयानें २०२० सालीं हा भेद मानला नाहीं. भर पावसांत टेस्ला गाडीच्या वायपरचा वेग पडद्यावरून बदलीत असतां एका चालकाची गाडी रस्ता सोडून झाडांवर गेली. दोनशें युरो दंड आणि एक महिना वाहनबंदी ही शिक्षा कायम झाली. वायपर ही गाडीच्या सुरक्षिततेचीच सोय आहे हा बचाव चालला नाहीं. शिक्षा झाली ती चालकाला, रचनाकाराला नव्हे, ही गोष्ट गाडी विकत घेणारांनीं ध्यानांत धरावी.

अर्थात् ज्या कळा उरल्या आहेत त्यांचा आम्ही काय उपयोग करतों, हें पाहिलें म्हणजे कारखानदाराला दोष देणारी जीभ जरा अडखळते. चारी दिवे लुकलुकविण्याची कळ थांबलेल्या गाडीसाठीं आहे. आमच्याकडे ती चौकांत 'मी सरळ जाणार' हें सांगण्यासाठीं, आणि पाऊस आला कीं धांवत्या गाडींत लावण्यासाठीं आहे. मग वळावयाचें कोणत्या बाजूला तें मागच्यानें ओळखावें कसें? इंजिनाच्या तेलाचा तांबडा दिवा लागला असतां 'गांवांत पोंचल्यावर बघूं' म्हणणारे पदवीधर मला ठाऊक आहेत. तांबडा म्हणजे आतांच थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवा, एवढा भेद कोणी शिकवीत नाहीं, आणि शिकवणीच्या पंधरा दिवसांत गुरुजी क्लच सोडण्यापलीकडे जात नाहींत. २०१९ पासून ८० च्या पुढें जी टिकटिक वाजते ती मला सर्व नव्या सोयींत शहाणी वाटते, कारण ती डोळ्यांना न बोलावतां कानाशीं बोलते. ती 'बंद करून मिळेल का?' असें विचारणारे गृहस्थ मीं ह्याच दालनांत ऐकले.

गेल्या महिन्यांत भाच्याबरोबर गेलों तेव्हां मीं एक प्रयोग केला. त्याला चालकाच्या जागीं बसविलें, दहा मिनिटें गाडी पाहूं दिली, मग डोळे मिटावयास सांगितलें आणि म्हटलें, 'वायपर. काचेची वाफ. धोक्याचे दिवे. भोंगा.' वायपर आणि भोंगा लागले. उरलेल्या दोहोंसाठीं त्याचा हात कांचेवरून आंधळ्यासारखा फिरत राहिला. विक्रेता अजीजीनें म्हणाला, 'साहेब, एकदां पडद्याकडे बघून घेऊं द्या ना त्यांना.' भाच्यानें ती गाडी घेतली नाहीं. दुसरी घेतली. तिला सात इंचांचा पडदा आणि त्याखालीं फिरवावयाच्या तीन कळा आहेत. भाचेसून अजून कुरकुरते.