नाकातला वाटाणा

मैत्रिणींनो, मुलांना लहानपणापासून शास्त्रीय दृष्टी द्यावी, असं मी शाळेत नेहमी सांगते. मागच्या शनिवारी मात्र ती दृष्टी माझ्याच घरात फळाला आली आणि माझी पाचावर धारण बसली!

त्याचं असं झालं. दुपारी मी वह्या तपासत बसले होते. सासूबाई उसळीसाठी सुके वाटाणे निवडत होत्या. सकाळीच मी थोरलीचा धडा घेतला होता : 'बियाला ओलावा मिळाला की कोंब फुटतो.' आमचे धाकटे चिरंजीव, वय वर्षं तीन, शेजारी आगगाडी चालवत होते. त्यांचं लक्ष असेल असं कुणाला वाटलं असतं?

थोड्या वेळानं स्वारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. गंभीर चेहरा, एक नाकपुडी जरा फुगलेली.

"आई, माजं नाक ओलं अशतं ना?"

"हो रे राजा, सर्दी झालीय ना तुला."

"मी त्यात वाताणा पेलला!"

मला आधी हसू फुटलं. दुसऱ्या क्षणी हातपाय गार पडले. नाकात डोकावून पाहिलं, तर खरंच आत पांढरा वाटाणा! मी डोक्यातला आकडा काढला. सासूबाई म्हणाल्या, "थांब, शेजारून तपकीर आणते, शिंकेसरशी बाहेर येईल." थोरली म्हणाली, "पाणी घालू या का?" एका वाटाण्यावर तिघींचे तीन उपाय, आणि त्याच्या मालकाचा एकच घोष, "कालू नका, झाल येनाल आहे!"

नशिबानं डॉक्टर कोपऱ्यावरच आहेत. मुलाला कडेवर घेऊन तशीच धावले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "ताई, आधी तो आकडा केसांत लावा बघू." तेव्हा लक्षात आलं, मी तो भाला धरावा तसा हातात धरून आले होते!

मग त्यांनी आमच्या तिन्ही उपायांची झडती घेतली. आकडा किंवा चिमटा घातला की गोल वस्तू हमखास आत सरकते; अगदी मागे गेली तर श्वासनलिकेत उतरण्याची भीती. तपकिरीचंही तेच, कारण शिंकण्याआधी मूल जोरानं श्वास आत घेतं. आणि पाणी? सुका वाटाणा भिजला की फुगतो आणि पक्का अडकून बसतो. म्हणजे आमच्यातली एकही यशस्वी झाली असती तर कठीणच होतं!

"आता तुम्हीच काढा," डॉक्टर म्हणाले, "एक पापा घेऊन." मला वाटलं, थट्टा करताहेत. पण नाही हो, हा खराखुरा उपाय आहे. 1965 साली अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी तो प्रथम मांडला. इंग्रजीत त्याचं नावच 'मदर्स किस'. डॉक्टरांनी मोकळी नाकपुडी बोटानं दाबून धरली. मी मुलाच्या उघड्या तोंडावर तोंड घट्ट टेकवून हळूच फुंकलं, आणि जरासा अडथळा जाणवताच एक छोटी, जोराची फुंकर मारली. पहिल्यांदा नुसता शेंबूड माझ्या गालावर आला. दुसऱ्यांदा मात्र टप्पकन वाटाणा! दहातल्या साधारण सहा मुलांना हा उपाय लागू पडतो, असं डॉक्टर म्हणाले. नाहीतर ते त्यांच्या हत्यारांनी काढतात. मात्र घरी स्वतःच्या बुद्धीनं करू नका हं. डॉक्टर समोर असतील किंवा त्यांनी सांगितलं असेल तरच.

निघताना त्यांनी आणखी काही गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हीही पदराला गाठ मारून ठेवा. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत राहिला, तर ती सर्दी समजू नये, आत काहीतरी अडकलेलं असू शकतं. रिमोट, घड्याळ, खेळणी यांतली चपटी बटणासारखी बॅटरी नाकात किंवा पोटात गेली, तर एक मिनिटही घरी थांबू नये. दोन तासांतसुद्धा ती आतून भाजते. लोहचुंबकाचंही तेच, ताबडतोब दवाखाना गाठावा. आणि पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत, कूट करून द्यावं.

संध्याकाळी हे घरी आले. सगळी हकिगत ऐकून पहिला प्रश्न, "पण तुझं लक्ष कुठं होतं?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न तुम्हाला नवीन नसेल. दिवसभर डोळ्यांत तेल घालून जे सांभाळलं, त्याचा हिशेब कुणी मागत नाही; चुकलेल्या दोन मिनिटांचा मात्र मागतात. माझे डोळे भरून आले. कारण हाच प्रश्न मी स्वतःला दुपारपासून शंभर वेळा विचारला होता.

तेवढ्यात सासूबाई वाटाण्यांची परात पुढे ओढत म्हणाल्या, "लक्ष तुझ्या आईचंसुद्धा होतं बरं! तरी तू चिंचोका नाकात घातलासच. दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. वास यायला लागला तेव्हा कळलं."

हे गप्प! थोरली खुदकन हसली, मग मी, आणि शेवटी हेही.

नाकातून निघालेला तो वाटाणा चिरंजीवांनी टाकू दिला नाही. फुटक्या कपात माती घालून पेरायला लावला. पाचव्या दिवशी त्याला चांगला बोटभर कोंब आला. पेरणारा रोज सकाळी आधी कप बघतो आणि मग आरशात नाक.

आणि त्या कपाला पाणी कोण घालतं, सांगू? आमचे हे. म्हणतात, "लक्ष ठेवायला हवं ना कुणीतरी!"