गोरेपणाची ट्यूब



पावसाळा संपल्यावरच्या पहिल्या बैठकीसाठी वटारला गेले होते. विषय ठरला होता रेशनकार्डांचा. ओटीवर सगळ्याजणी जमल्या तेव्हा एक सून चेहऱ्यावर ओढणी धरून मागे बसलेली दिसली. गाल लालभडक, हनुवटीवर पुरळ, ओठावर लव. उन्हात उभं राहवत नाही, गॅसपुढे गेलं की आग होते, म्हणाली. रेशनकार्डं बाजूला राहिली.

लग्न ठरताना सासरचं कुणीतरी म्हणालं होतं, "मुलगी चांगली आहे, रंग जरा..." असली वाक्यं पुरी करावी लागत नाहीत. आईने मेडिकलमधून ट्यूब आणून दिली. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही. काही दिवसांत चेहरा उजळला, लग्नाचे फोटो छान आले. पुढे ट्यूब बंद केली की चेहरा पेटायचा, म्हणून पुन्हा लावायची. अशी तीन वर्षं गेली. ट्यूबवर इंग्रजीत तीन नावं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं शेवटचं स्टेरॉइड. वांगाच्या डागांवर डॉक्टर असं मिश्रण देतात, पण ठरावीक दिवसांपुरतं आणि देखरेखीखाली.

मी डॉक्टर नाही. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात त्वचेचा धडा नव्हता. त्वचारोगतज्ज्ञांकडून समजून घेतलं ते असं. स्टेरॉइडमुळे त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा फिकट दिसतो. त्यालाच आपण गोरेपणा म्हणतो. महिनोन् महिने लावलं की त्वचा पातळ होते, मुरुम येतात, लव वाढते आणि थांबवल्यावर त्याच रक्तवाहिन्या फुलून आग होते. बाईला वाटतं मूळ दुखणं उलटलं, म्हणून ती पुन्हा ट्यूब उघडते. नायट्यावर लावलं तर खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते.

हे बोलणं चालू असताना भाजीचा धंदा करणारी एक मावशी उठली. सतत पाण्यात हात, बोटांना इसब, भेगांतून रक्त. तिलाही सरकारी दवाखान्यातून स्टेरॉइडचंच मलम मिळालेलं. "म्हणजे मीपण टाकते ती ट्यूब," ती म्हणाली. मी घाबरलेच. असं झालं तर आपल्या प्रबोधनाचा उपयोग काय? इसब, सोरायसिस यांवर हे खरं औषध आहे, 1952 पासून वापरात आहे. सांगितलेले दिवस, सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या प्रमाणात लावलं तर त्याला भ्यायचं कारण नाही. मोठ्या माणसाच्या बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. मावशी भीतीने कमी लावत होती, सून आशेने जास्त. दोघींनाही कुणी नीट सांगितलं नव्हतं.

ही एका घरातली गोष्ट नव्हे. देशातल्या 12 केंद्रांतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारींचे 2926 रुग्ण तपासले. त्यांतले 433 चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. हा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. पूर्वी यातली कित्येक मलमं चिठ्ठीच्या नियमातून सुटलेली होती. डॉक्टरांच्या संघटनेने पाठपुरावा केला आणि मार्च 2018 मध्ये 14 स्टेरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये आली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. 2020 मध्ये 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' गेला. पण वटारच्या सुनेची ट्यूब त्यानंतरच विकली गेली. बारशात बाळाचा रंग विचारणाऱ्या आपणही आहोतच.

ऐंशीच्या दशकात हाय डोस ईपी औषधांविरुद्ध ज्या मैत्रिणी लढल्या, त्यांच्याकडून मी शिकले ते हे की 'तू का घेतलंस?' असं बाईला विचारण्याआधी 'तुला कुणी दिलं?' हे विचारायचं. तेव्हा गर्भ राहिला की नाही हे बघायला ती औषधं सर्रास दिली जात. आताही औषध दुकानातून पावती घ्यायची, चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड दिलं तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करायची. गटाच्या नावाने केली तर एकट्या बाईवर गावातल्या दुकानदाराचा राग येत नाही. लावत असलेली ट्यूब मात्र घाबरून एकदम फेकू नका, ती घेऊन डॉक्टरांकडे जा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या सगळ्या ट्यूबा आणायच्या, असं वटारच्या गटाने ठरवलं आहे. रेशनकार्डंही तेव्हाच.

सुनेला मी त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. चेहरा सावरायला कित्येक महिने लागतील, असं त्यांनी सांगितलं. परत येताना रिक्षात तिची नणंद सोबत होती. तिला पाहायला दिवाळीनंतर मंडळी येणार आहेत. नालासोपारा स्टेशन जवळ आलं तेव्हा तिने हळूच विचारलं, "ताई, फक्त लग्नापर्यंत लावली तर?" मी 'नको' म्हटलं. मंडळी आल्यावर तिने काय करायचं, हे मात्र मला सांगता आलं नाही. तुमच्या गटात असा प्रश्न आला असेल तर काय बोललात, लिहून कळवा.