फ्यूजची तार जाड केली, मोटार जळाली

यंत्रमागाच्या एखाद्या जुन्या कारखान्यात जा आणि मेन स्विचजवळची किटकॅट फ्यूज उघडून पाहा. पुष्कळ ठिकाणी तिच्यात फ्यूजची तार नसतेच. असते ती केबल सोलून काढलेली तांब्याची तार, तीही दोन-तीन पदरी पिळलेली. विचारले तर उत्तर ठरलेले, "सेठ, बारीक तार टिकत नाही, सारखी उडते." अहो, उडण्यासाठीच तर ती बसवलेली असते! ती उडणार नाही अशी सोय आपण केली, तर तिच्या जागी मोटार जळणार, नाही तर वायरिंग.

मी कापडाचा व्यापारी. शिक्षण उर्दू शाळेत झाले, विजेचे शास्त्र शिकलो नाही. जे समजले ते नुकसान सोसून समजले. 2009 साली भिवंडीतील एका कारखान्यात माझे सूत मजुरीवर विणायला होते. तेथे तीनपैकी दोन फ्यूजमध्ये जाड तार पिळलेली आणि एकीत योग्य तार. रात्रपाळीत योग्य तार उडाली, बाकीच्या दोन टिकल्या. मोटारी दोनच फेजवर घुमत राहिल्या. अशा वेळी मोटार पावणेदोन पटीपर्यंत करंट ओढते आणि तापत जाते. चार मोटारी जळाल्या, एकीखालच्या कापसाच्या तुसाने पेट घेतला आणि दोन बीम गेले. मागवाला म्हणाला वीज खराब, मी म्हणालो तुमची बेपर्वाई. दहा वर्षांचा व्यवहार तुटला. कारीगर मात्र पंधरा दिवस बिनामजुरी बसले. त्यांचा काय गुन्हा?

तीन पोलची एम.सी.बी. असती तर एका फेजवर भार वाढताच तिन्ही फेज एकदम बंद झाले असते. ही वस्तू नवी नाही. जर्मनीत मॅनहाइमच्या ह्यूगो श्टोट्झ यांच्या कंपनीने 1924 साली तिचे पेटंट घेतले. आत दोन व्यवस्था असतात. दोन धातूंची जोडपट्टी जास्त भाराने तापून वाकते आणि खटका पाडते, याला थोडा वेळ लागतो. शॉर्टसर्किट झाले तर गुंडाळीचे लोहचुंबक क्षणार्धात खटका ओढते. दोष दूर केला की दांडा वर करायचा, काम सुरू. तार शोधा, पिळा, अंधारात हात घाला, ही कटकट नाही. दांडा हाताने दाबून धरला तरी ती आतून सुटते, म्हणजे तिला फसवताही येत नाही.

पण फसवणारे दुसरी वाट काढतात. 16 अँपिअरची वारंवार पडते म्हणून 32ची बसवतात. हे जाड तारेचेच नवे रूप झाले. एम.सी.बी. ही मुळात तारेची रखवालदार आहे, म्हणून आकडा तारेवरून ठरतो. दीड चौरस मि.मी. तांब्याच्या तारेला 10 अँपिअर आणि अडीचच्या तारेला 16 अँपिअर, हा सावध हिशेब. मोटार सुरू होताना पाच-सात पट करंट ओढते, म्हणून मोटारीच्या लाइनवर 'सी' प्रकारची घ्यावी. ही नेमक्या करंटच्या पाच ते दहा पटीपर्यंतचा क्षणिक झटका सोसते. 'बी' प्रकारची तीन ते पाच पटीतच पडते आणि मग कारीगर वैतागतो.

दुकानदार सांगत नाही ती गोष्टही ऐका. तीन फेजची एक हॉर्सपॉवरची मोटार चालताना दोन अँपिअरच्या आसपास घेते. अनेक मागांच्या लाइनवर एकच 16 अँपिअरची एम.सी.बी. असेल, तर एका मोटारीचे दुखणे तिला कळणार नाही. त्यासाठी प्रत्येक मोटारीला ओव्हरलोड रिलेचा स्टार्टर हवा आणि बाहेरूनच एक फेज गेली तर सिंगल फेज प्रिव्हेंटर हवा. माणसाला शॉक लागला तर साधी एम.सी.बी. पडेलच असे नाही. त्याला 30 मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. वेगळी घ्यावी. आय.एस.आय. मार्क पाहूनच माल घ्यावा आणि काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

आता खर्च कोणी करायचा? मागवाला म्हणतो, मजुरी पिकावर पैशांत मिळते, कोठून आणू? त्याचे म्हणणे खोटे नाही. माझे मत असे की खर्चाचा वाटा सूत देणाऱ्या व्यापाऱ्याने उचलावा. बीमवर चढलेले सूत आमचे, तेथे लागणारी आग आमच्याही मालाला लागते. सुताचा काउंट आणि कापडाचे पन्हे आम्ही बारकाईने तपासतो, मग ज्या कारखान्यात लाखाचा माल पाठवतो तेथील फ्यूज एकदा उघडून पाहायला काय हरकत आहे? बसवण्याचा निम्मा खर्च आपण द्यावा, निम्मा मजुरीतून हप्त्याने वळता करावा. 2010पासून मी हेच करतो आहे. एकाही मागवाल्याने हप्ता बुडवला नाही.

एम.सी.बी. पडली की कारीगरावर ओरडू नका. ती का पडली ते आधी शोधा. तिने तुमचे नुकसान थांबवलेले असते.