इंजिन बांधावे की बदलावे?

कापसाचा पैसा हाती आला की जुन्या डिझेल जीपचा प्रश्न उभा राहतो: इंजिन बांधायचे, की दुसरे बसवायचे?

धूर दिसला म्हणजे इंजिन संपले असे नव्हे. काळा धूर बहुधा नोझल, पंप किंवा तुंबलेल्या एअर फिल्टरचा असतो. तिथे थोडक्यात भागते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. तेव्हाही आधी कॉम्प्रेशन मोजून घ्या. लायनर, पिस्टन, रिंगा झिजल्या, पण ब्लॉक शाबूत आहे आणि क्रँक घासायला माप शिल्लक आहे, तर बांधणेच परवडते. ब्लॉकला तडा असेल तर त्यात पैसा ओतू नका.

भंगारातले इंजिन स्वस्त दिसते. आतली झीज मात्र उघडल्यावरच कळते. शिवाय इंजिन नंबर आरसी बुकावर असतो. पक्की पावती आणि आरटीओची नोंद नसेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो.

इंजिन उघडल्यावर मिस्त्रीकडून सुटे भाग आणि मजुरीचा अंदाज लेखी घ्या. तो आकडा गाडीच्या आजच्या बाजारभावाला भिडत असेल तर दोन्ही नको, गाडी विका. पुढच्या हंगामाचे बियाणे-खत त्याच पैशातून यायचे आहे.