विंचुर्णीचे व्हाइस ॲडमिरल

दौंड तालुक्यातल्या आमच्या राहू बेटात कुठल्याही रस्त्याला पहाटे लागलं, की भरतीसाठी पळणारी पोरं दिसतात. कुणाला पोलिसात जायचं असतं, कुणाला लष्करात. दौंडला राज्य राखीव पोलीस दल आहे, त्यामुळे वर्दी आमच्याकडे रोजच्या पाहण्यातली. नौदलाचं नाव मात्र क्वचितच कुणाच्या तोंडी येतं. मुळा-मुठा आणि भीमेच्या मधल्या उसात वाढलेल्या पोराला समुद्र आपला वाटत नाही. ते किनाऱ्यावरच्यांचं काम, असं घरातली मोठी माणसंही धरून चालतात.

हा समज खोडून काढणारा एक दर्यावर्दी आमच्यापासून फार लांब राहत नव्हता. बारामतीवरून पुढे नीरा ओलांडली की फलटण, आणि फलटणजवळ विंचुर्णी. व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी निवृत्तीनंतर या गावी येऊन राहिले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, इथेच गेले.

त्यांचा जन्म १९२७ चा, सुरतचा. १९४५ मध्ये ते तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाले आणि १९५० पर्यंत इंग्लंडमध्ये डार्टमथला शिकले. १९७१ च्या युद्धात ते पूर्वेकडच्या ताफ्यात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेवर कॅप्टन होते. ताफ्याची सगळी मदार ‘विक्रांत’वर होती. पण विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले, त्यामुळे जहाज पूर्ण वेगाने पळू शकत नव्हतं. संथ चालणारं विमानवाहू जहाज म्हणजे पाणबुडीला आयतं सावज. विक्रांतवरून उडणारी विमानं कॉक्स बझार आणि चितगाववर मारा करत होती, तेव्हा पाणबुड्यांवर नजर ठेवण्याचं काम कामोर्तासारख्या लहान नौकांकडे होतं. पाणबुड्यांचा आणि सुरुंगांचा धोका असलेल्या पाण्यात बजावलेल्या कामगिरीबद्दल आवटींना वीरचक्र मिळालं. पुढे ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख झाले आणि १९८३ मध्ये पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले.

एवढ्या कारकिर्दीनंतर कुणीही सत्कार स्वीकारत बसलं असतं. मला आवटी मोठे वाटतात ते त्यांच्या पुढच्या पस्तीस वर्षांमुळे. एकाही भारतीयाने एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केलेली नाही, ही गोष्ट त्यांना सलत होती. होडी इथेच बांधायची आणि आपल्याच माणसाने न्यायची, असा आग्रह त्यांनी धरला. २००६ मध्ये नौदलाने ही कल्पना उचलली आणि कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ५६ फुटांची ‘म्हादेई’ तयार झाली. १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले. वाटेत चार बंदरं घेत ते मे २०१० मध्ये परतले. त्याच होडीतून नौदलाचेच अभिलाष टॉमी २०१३ मध्ये कुठेही न थांबता फेरी पूर्ण करून आले. २०१८ च्या मे महिन्यात नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’ या होडीतून जग फिरून गोव्याला पोहोचल्या, तेव्हा आवटी हयात होते. ज्या प्रवासाला आपण स्वतः जाणार नाही, त्यासाठी ते नव्वदी उलटेपर्यंत झटले.

म्हणूनच राहूच्या पोरांना त्यांची गोष्ट सांगावीशी वाटते. पुणे जिल्ह्याला किनारा नाही, पण खडकवासल्याला प्रबोधिनी आहे आणि लोणावळ्याला ‘आयएनएस शिवाजी’, जिथे नौदलाचे अभियंते घडतात. प्रबोधिनीतून नौदलात जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. २०२२ पासून तिथे मुलींनाही प्रवेश मिळतो. ही माहिती आमच्या घरांत पोहोचते तेव्हा पोराने अकरावीला भलतीच शाखा घेतलेली असते. दहावीच्या वर्गात शिक्षकांनी एवढं एक सांगितलं, तरी वाट बदलू शकते.

दुसरी अडचण पाण्याचीच आहे. आमच्या मागच्या पिढ्या नदीत पोहायला शिकल्या. आता मुळा-मुठेतून पुण्याचं सांडपाणी येतं, वर जलपर्णी साचते, आणि पोराला नदीत उतरू द्यायला आई धजत नाही. दोन नद्यांच्या काठची मुलं पोहायला न शिकता मोठी होताहेत, याचं मला मनापासून दुःख आहे. दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या मोठ्या गावांत पोहण्याचे तलाव व्हावेत, ही मागणी चैनीची नाही. ग्रामपंचायतींनी, साखर कारखान्यांनी आणि शाळांनी मिळून ती मनावर घ्यावी. फलटणच्या माळावर राहून आवटींनी तरुणांना समुद्राची वाट दाखवली. आपल्या पोरांना ती दाखवणं आता आपलं काम आहे.