मॅटिंगखालचा पत्रा

नागपूरच्या मे महिन्याला कुणी चांगलं म्हणत नाही. जुन्या गाडीवर जीव असणाऱ्यांनी मात्र त्या उन्हाची वाट पाहावी, असं माझं ठाम मत आहे. गाडीचा तळ उघडायचा, घासायचा आणि पुन्हा बंद करायचा, तर इतकी कोरडी हवा वर्षभरात दुसरी मिळत नाही.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत कित्येक गाड्या बुडाल्या. आमची मारुती ८०० त्यातलीच. इंजिन, वायरिंग सगळ्यांनी दुरुस्त करून घेतलं. पण मॅटिंगखालचा जूटचा थर? तो वरून हाताला कोरडा लागतो आणि खाली ओल धरून बसतो. गंज पत्र्याला राखत नाही. पापुद्रा सुटतो, खालचं लोखंड उघडं पडतं, तेही गंजतं. पूर ओसरला तरी हे चालूच राहतं.

मारुती ८०० किंवा पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. तळाचा पत्रा हाच सांगाड्याचा भाग, सीटही त्यालाच कसलेली. म्हणून आरसीच्या नूतनीकरणाआधी खालून डांबर फासून आणलेली गाडी पाहिली की मला राग येतो. ओल आत कोंडते आणि सडणं नजरेआड होतं. त्या गाडीत माणसं बसणार असतात.

आमच्या डेंटरनं सीटा, मॅटिंग काढून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत तळ तपासला. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. ड्रायव्हरच्या पायाखाली टोचताच टोक आरपार गेलं. "इथं लांबी भरून चालत नाही काका, कापाच लागते," तो म्हणाला. ते खरंच आहे. लांबीला, म्हणजे पुट्टीला, ताकद नसते. सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा वेल्डच करावा लागतो. त्याआधी बॅटरी सोडायची आणि खालून गेलेले पेट्रोलचे व ब्रेकचे पाइप बाजूला करायचे. यात घाई नको.

जिथं गंज वरवरचा, तिथं वायर ब्रशनं चकाकी येईपर्यंत घासायचं. खड्ड्यांत उरलेल्यावर फॉस्फोरिक आम्लाचं कन्व्हर्टर लावलं की लोहाच्या फॉस्फेटचा घट्ट थर बनतो. दिल्लीच्या लोहस्तंभाला शतकानुशतकं राखणाऱ्या थरातही फॉस्फेटच आहे, हे आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवलं. स्वस्त बाटलीतल्या रसायनाचं हे नातं मला फार आवडतं.

मग एपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलंट, त्यावर रंग आणि शेवटी खालून अंडरकोटिंग. नुसत्या रेड ऑक्साइडवर थांबू नये, त्यातून ओल झिरपते. सुकवणं दुपारच्या उन्हात करावं, पण प्रायमर सकाळी सावलीत लावावा. तापलेल्या पत्र्यावर थिनर झटकन उडतो आणि थर नीट धरत नाही.

पुराचं पाणी एकदाच येतं. पावसाचं दर वर्षी. पुढच्या काचेचं कडक झालेलं रबर बदलून घ्यावं, तळाचे रबरी बूच जागेवर आहेत ना पाहावं. दारांच्या खालच्या कडेला असलेली बारीक भोकं तारेनं साफ करावीत. दारात उतरलेलं पाणी तिथूनच बाहेर जातं. सीलंट हातात असलं तरी ती बुजवू नयेत.