सुनावणीत आपली खुर्ची रिकामी का?

शेतीची जमीन निवासी झोनमध्ये घालण्याचा फेरबदल निघाला, की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात नोटीस येते. तिच्यात गाव असते, गट नंबर असतो, हरकती-सूचनांसाठी एक महिन्याची मुदत असते. माणूस मात्र नसतो.

शहराच्या कडेच्या गावांत अशा कितीतरी गटांवर एकेकाळी महार वतनाची नोंद होती. जमीन कसली, बेगारीची बेडी होती ती! म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने वतने गेली आणि जमिनी वतनदारांना नव्या शर्तीने परत मिळाल्या. बिगरशेतीसाठी विकायची तर जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी हवी, नजराणा भरायला हवा. हे झाले कागदावरचे संरक्षण. प्रत्यक्षात दलाल शेतीच्या भावाने साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून घेतो, थोडी रक्कम हातावर टेकवतो आणि झोन बदलण्याची वाट पाहत बसतो. झोन बदलला की त्याच मातीचा भाव चौरस फुटावर जातो. तो पैसा कोणाच्या घरात जातो, हे सांगायला हवे काय? नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचा व्यवहार गाजला, तेव्हा वतन म्हणजे काय हे शोधण्याची पाळी भल्याभल्या पत्रकारांवर आली!

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम ३७ सांगते की, फेरबदलाने बाधित होणाऱ्या सर्वांना नोटीस बजावली पाहिजे, त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे आणि मगच प्रस्ताव शासनाकडे मंजुरीला गेला पाहिजे. पण बाधित कोण? कार्यालय सातबारा उघडते. त्यावर नाव वारलेल्या आजोबांचे. वारसनोंद झालेली नाही, नातू उल्हासनगरात नाही तर घाटकोपरला. नोटीस पोचत नाही. सुनावणीच्या दिवशी बिल्डरचा वकील येतो, आर्किटेक्ट नकाशा पसरतो, आणि ज्यांची जमीन त्यांची खुर्ची रिकामी राहते. मग प्रस्ताव बिनहरकत पुढे सरकतो.

याचा सगळा दोष धनदांडग्यांच्या आणि सरकारच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. जयंतीच्या वर्गणीची वही आपण चोख ठेवतो, पण सातबारा कोणाच्या ट्रंकेत पडला आहे हे घरात कोणाला ठाऊक नसते.

हरकतीला वकील लागत नाही. साध्या कागदावर गट नंबर, वारसांची नावे, जमिनीची शर्त आणि झालेल्या व्यवहाराची हकीकत लिहावी. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी दाखवल्याशिवाय फेरबदलाची शिफारस करू नये, अशी मागणी करावी. कागद मुदतीत आवक विभागात द्यावा, पोच म्हणून शिक्का घ्यावा आणि सुनावणीला चार जणांनी मिळून जावे. मुंबईतल्या गावमंडळांनी पुढच्या बैठकीला गावाकडचे उतारे मागवावेत. वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे (आता त्याला म्हणे ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) नोटीस निघण्याआधीच पडला पाहिजे. नोटिशीनंतर हातात एकच महिना असतो.